मृगसेनाचे जाळे : कागल ते मालवण

कागलच्या माणसाला समुद्र दूरचा वाटतो, याला त्याच्या नद्या कारणीभूत आहेत. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात. तेथून अरबी समुद्र काही कोसांवर असतो. पण या नद्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वळतात, आमच्या उसाला पाणी पाजतात, पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळतात आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात जातात. नदी ज्या दिशेला जाते त्या दिशेलाच माणसाचे मनही जाते. कागलचा व्यापारी निपाणी, बेळगाव, हुबळीकडे पाहतो. श्रावक स्तवनिधी, कुंभोज आणि श्रवणबेळगोळकडे पाहतो. घाटाखालचे कोकण आम्हाला आंब्यापुरते आणि काजूपुरते ठाऊक असते.

समुद्राइतकीच दूरची वाटणारी दुसरी गोष्ट म्हणजे रानातले प्राणी. आज कागलच्या चहूकडे उसाचा हिरवा गालिचा दिसतो आणि मध्ये औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या. एकेकाळी या भागात मोकळे माळ होते, त्यांवर काळवीट चरत आणि कोल्हापूर संस्थानातले शिकवलेले चित्ते त्या काळविटांवर सोडले जात. या चित्त्यांसाठी कोल्हापुरात स्वतंत्र चित्तेखाना होता. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते थेट आफ्रिकेतून आणवले गेले. 1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या अरण्यात आणावे लागले, ती याच हिशेबाची उशिरा भरलेली बाकी म्हणावी लागेल.

1952 हे साल मला आणखी एका प्राण्यामुळे लक्षात राहिले आहे. कॅरिबियन समुद्रात सीलची एक जात होती. 1494 साली कोलंबसाच्या माणसांनी त्यांतील आठ मारून खाल्ल्याची नोंद आहे, आणि त्यानंतर साडेचारशे वर्षे तेलासाठी व मांसासाठी ही कत्तल चालू राहिली. या जातीचे शेवटचे खात्रीलायक दर्शन 1952 साली झाले. 2008 साली अमेरिकेने ती नामशेष झाल्याचे जाहीर केले. आमच्या माळावरचा चित्ता आणि तिकडच्या बेटांवरचा सील यांची नावे एकाच वर्षाच्या रकान्यात लिहिली गेली, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे.

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला सील म्हटले की रोकड पेटीवरची लाख आठवते. वाचकांपैकीही अनेकांची या प्राण्याशी ओळख चित्रातूनच असेल, कारण भारताच्या किनाऱ्यावर सील नाहीत. मात्र सीलसारखेच फुप्फुसाने श्वास घेणारे, पिलाला दूध पाजणारे आणि माणसाच्या जाळ्यात सापडून मरणारे सस्तन जलचर आपल्या महाराष्ट्राच्या पाण्यात आहेत. ते कागलपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतरावर राहतात. गेल्या फेब्रुवारीत आम्ही चार निवृत्त स्नेही मालवणला गेलो, तो प्रवास त्यांच्यासाठी होता.

कागलहून सिद्धनेर्ली, मुरगूड, मुदाळ तिट्टा असे करत राधानगरी गाठायची, दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरायचा आणि कणकवली-कसालमार्गे मालवण, असा हा रस्ता आहे. राधानगरीचे अभयारण्य 1958 सालचे, म्हणजे महाराष्ट्रातले पहिले. ते गव्यांसाठी राखले गेले. गवे वाढले, आणि त्यांतले काही कधीकधी ऊस व मका खायला शेतात उतरू लागले. मग पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज आला. घाटाच्या अलीकडच्या शेतकऱ्याला हे सारे पाठ आहे. वन्यप्राणी सरकारचा, पीक माझे, आणि दोघांची गाठ पडली की नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न त्याला पुस्तकात वाचावा लागत नाही. घाट उतरल्यावर प्रश्न तोच राहतो, फक्त शेताच्या जागी समुद्र येतो.

मालवण मला नवे नाही. 1990 च्या दशकात तेथील एका शाखेत मी चार वर्षे होतो. होड्या, इंजिने आणि जाळी यांसाठीची कर्जे माझ्या टेबलावरून जात. नायलॉनच्या जाळ्याचे नजरगहाण करून घेताना जन्माने जैन असलेल्या अधिकाऱ्याला काय वाटत असे, हे येथे सांगत बसत नाही. वाचक ते जाणतील. इतकेच सांगतो की जाळे ही काय वस्तू आहे हे मला तेव्हा कळले. शेतकऱ्याची जमीन पूर आला तरी जागेवर राहते. मच्छीमाराचे जाळे हीच त्याची जमीन, आणि ती तो रोज रात्री समुद्रात टाकून येतो. सकाळी ती हाती लागेलच असे नाही. दगडाने फाटते, ट्रॉलरने ओढून नेली जाते, आणि कधी तिच्यात असा एखादा जीव अडकतो जो कोणालाच नको असतो.

मालवणच्या बंदरावरून दिसणारा सिंधुदुर्ग किल्ला शिवछत्रपतींनी 1664 साली बांधायला घेतला. त्या किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे. 13 एप्रिल 1987 रोजी येथील सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरहून थोडा मोठा आहे. कागदावर हे सुंदर दिसते. परंतु पाण्यावर कुंपण घालता येत नाही, आणि ज्यांच्या घरासमोरचे पाणी एका अधिसूचनेने अभयारण्य झाले त्या मच्छीमारांनी आरंभापासून त्याला विरोध केला. मी शाखेत असताना हा विरोध रोज ऐकत असे. त्यांचे म्हणणे असे की आम्ही पिढ्यान्पिढ्या रापण ओढत आलो तेव्हा समुद्र भरलेला होता. तो रिकामा मोठ्या यांत्रिक नौकांनी केला आणि शिक्षा मात्र आम्हाला. हे म्हणणे सर्वस्वी खरे नसेल, पण मला ते आजही बरेचसे खरे वाटते. 2016 साली राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, त्यामागे अशाच तक्रारी होत्या.

आता ज्यांच्यासाठी गेलो होतो त्यांच्याविषयी. तारकर्लीच्या पुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथून सकाळी होड्या सुटतात. फार दूर जावे लागत नाही. पाण्यातून आधी एक राखाडी कुबड वर येते, त्यावर छोटासा पर असतो. ‘फुस्’ असा श्वासाचा आवाज ऐकू येतो आणि ते कुबड पुन्हा आत जाते. हा कुबडवाला डॉल्फिन. दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्याला धरून तो राहतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. सरकारने 2009 साली राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केला तो गंगेतला डॉल्फिन वेगळा, हा समुद्रातला.

त्याची अडचण त्याच्या सवयीतच आहे. तो खोल समुद्रात जात नाही. पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तो जन्म काढतो. नेमके हेच पाणी माणसालाही हवे असते. बंदर येथे, सांडपाणी येथे, पर्यटकांच्या होड्या येथे आणि जाळीही येथेच. मादीला सुमारे तीन वर्षांतून एकदा एकच पिलू होते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर भांडवल फार, परतावा संथ. अशा जातीतल्या काही प्रौढ माद्या जरी दरवर्षी जाळ्यात मेल्या तरी मुद्दल घटू लागते. आणि जाळ्यात तो मरतो तो गुदमरून. मासा जाळ्यात अडकला तरी पाण्यात श्वास घेऊ शकतो. डॉल्फिनला दर काही मिनिटांनी वर यावेच लागते. जाळ्याने धरून ठेवले की तो बुडतो. पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच बुडून मरतो, हे अनेक वाचकांना नवल वाटेल.

आमच्या होडीवाल्याने डॉल्फिनपासून बरेच अंतर राखले, तेव्हा मागून आलेल्या दोन होड्या भरधाव त्यांच्या मध्ये घुसल्या. आरडाओरडा झाला, मोबाईल वर झाले, आणि कुबडे दिसेनाशी झाली. पर्यटनाने डॉल्फिन वाचतात असे म्हणणाऱ्यांनी ही सकाळ पाहावी असे वाटले.

होडीवाला गाबीत समाजातला, पन्नाशीचा, पूर्वी स्वतः मासेमारी करणारा. जाळ्यात डॉल्फिन सापडला तर काय करता, असे विचारल्यावर त्याने सांगितले की जिवंत असेल तर सोडतो, कासव तर सोडतोच. मग जरा थांबून म्हणाला, “जाळा कापूक आमची ना नाय. पण त्या दिवसाची मजुरी कोण देतलो?”

या प्रश्नाचे अर्धे उत्तर महाराष्ट्र सरकारने डिसेंबर 2018 मध्ये दिले आहे. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत समुद्रात सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची ही योजना आहे. सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत द्यावी लागते. कासव, डॉल्फिन, देवमासा शार्क असे कायद्याने संरक्षित प्राणी तिच्यात येतात. बँकेतल्या माणसाला या योजनेतले शहाणपण चटकन दिसते. प्राणी मारू नका असा नुसता हुकूम काढला तर मच्छीमाराला दोनच वाटा उरतात: नुकसान सोसून सोडणे, किंवा मेलेला प्राणी गुपचूप समुद्रात ढकलून देणे. दुसरी वाट स्वस्त असते आणि तिची नोंद कोठेही होत नाही. भरपाईने पहिली वाट परवडण्याजोगी होते, आणि शिवाय प्रत्येक सुटकेची नोंद सरकारदरबारी येते. कोठे, कोणत्या महिन्यात, कोणता प्राणी अडकतो हे कळू लागते.

याच सिंधुदुर्ग किनाऱ्यावर केंद्र सरकार व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या प्रकल्पातून चौकोनी आसाच्या जाळ्याचा प्रसारही झाला. नेहमीच्या जाळ्याचा आस पतंगासारखा तिरका असतो. ओढ बसली की तो मिटतो आणि लहान मासळीही आत अडकते. चौकोनी आस ओढ बसली तरी उघडा राहतो, पिल्ले निसटतात. जाळे तेच, फक्त विणीचा कोन बदलला.

या सगळ्याचा सीलशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की जे मालवणात आता सुरू झाले आहे, ते भूमध्य समुद्रात सीलच्या बाबतीत तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सुरू झाले, आणि त्याचे निकाल हाती आले आहेत. तेथील सीलच्या जातीला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘साधू सील’. मानेवरच्या वळ्या साधूच्या टोपडीसारख्या दिसतात म्हणून. नावाने साधू, पण मच्छीमारांच्या लेखी तो चोर. तो जाळे फाडून मासे पळवी, म्हणून त्याला गोळ्या घातल्या जात. आणि जाळ्यात अडकून तो बुडून मरे. पूर्वी उघड्या वाळूवर विणारी ही जात माणसाच्या भीतीने समुद्रातल्या गुहांत विऊ लागली. अशा गुहांची तोंडे पाण्याखाली असतात आणि वादळात तेथील नवजात पिले वाहून जातात.

ग्रीसमध्ये ‘मॉम’ नावाची संस्था 1988 पासून या सीलसाठी काम करते. आलोनिसोस बेटाभोवती 1992 साली राष्ट्रीय सागरी उद्यान झाले. तेथील पिपेरी या छोट्या बेटाच्या तीन सागरी मैलांच्या आत कोणालाही जाता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की स्थानिक लहान मच्छीमारांनी या उद्यानाला पाठिंबा दिला होता, कारण मोठ्या नौका दूर राहिल्या तर त्यांचाही लाभ होता. मालवणात 1987 साली नेमके हेच घडले नाही.

पोर्तुगालच्या मदेराजवळच्या देझेर्ताश बेटांवर तर सील सहा-आठच उरले होते. तेथे 1990 साली राखीव क्षेत्र झाले; त्याच काळात मच्छीमारांची सील अडकणारी जाळी घेऊन त्यांना बदल्यात दुसरी साधने देण्यात आली. आज ती संख्या विसाच्या वर आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काबो ब्लांको येथे 1997 च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत दोन तृतीयांश सील मेले. तीनशेच्या घरातली वसाहत शंभरावर आली. 2001 पासून तेथील किनारा राखीव झाला आणि पहारा बसला. वीस वर्षांत ती वसाहत पुन्हा तीनशेच्या घरात पोहोचली. 2015 पूर्वी ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ होती, त्या वर्षी ती ‘संकटग्रस्त’ झाली आणि 2023 साली आणखी एक पायरी खाली येऊन ‘असुरक्षित’ या वर्गात आली. साऱ्या जगात मिळून आठशे ते हजार सील आहेत. एवढी तर आमच्या एखाद्या वाडीची लोकसंख्या असते. तरीही उतरता आलेख वर वळला, हे खरे. आणि जेथे जेथे तो वळला तेथे राखलेल्या गुहा आणि कडक पहारा यांच्या जोडीने जाळ्याच्या मालकाशी काही ना काही तडजोड झालेली दिसते.

आपल्या शेजारी गुजरातचे उदाहरण अधिक जवळचे आहे. देवमासा शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठी मारला जाई. ते तेल होड्यांना लावत. 2001 साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण मारणे थांबले ते 2004 नंतर. मोरारीबापूंनी आपल्या प्रवचनांतून त्याला ‘व्हाली’ म्हटले, म्हणजे लाडकी लेक, बाळंतपणाला माहेरी येणारी. माहेरवाशिणीला कोण मारणार? त्या शब्दाबरोबर फाटलेल्या जाळ्याची भरपाईही होती. त्यानंतर गुजरातच्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हाली सोडल्या. शब्द आणि पैसा या दोहोंपैकी कोणी अधिक काम केले, यावर आम्हा चौघांचा मालवणात एक संध्याकाळभर वाद झाला.

त्या वादातूनच खरा प्रश्न निघाला. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ अण्णा हे नित्य पूजापाठ करणारे, रात्रिभोजनाचा त्याग असलेले गृहस्थ. सूर्यास्तापूर्वी जेवून आम्ही बंदराच्या धक्क्यावर बसलो होतो. बाजूला सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता आणि अण्णांनी नाकाला उपरणे लावले होते. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही हे सगळं आपल्या मासिकात लिहिणार. पण एक डॉल्फिन सोडणारा माणूस त्याच फेरीत हजारो मासे मारून आणतो. डॉल्फिन पंचेंद्रिय आहे आणि बांगडाही पंचेंद्रियच आहे. आपल्या शास्त्रात दुर्मीळ जिवाला वेगळा दर नाही. मग आपण कौतुक कशाचं करायचं?”

हा आक्षेप हलका नाही. संवर्धनशास्त्र जातीचा विचार करते, जैन धर्म जिवाचा. शास्त्रज्ञाला शेवटचे शंभर डॉल्फिन महत्त्वाचे. श्रावकाला समोरचा एक बांगडाही महत्त्वाचा. ही दोन मापे एक आहेत असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे अरनाथांचे लांछन मत्स्य आहे, मुनिसुव्रतांचे कासव, पुष्पदंतांचे मगर. त्यांत दुर्मीळ कोण आणि विपुल कोण असा भेद नाही.

मी अण्णांना मृगसेन धीवराची कथा आठवायला सांगितली. वाचकांपैकी अनेकांनी ती प्रवचनात ऐकली असेल. आचार्य ज्ञानसागर महाराजांच्या ‘दयोदय चंपू’ची तीच कथा आहे. क्षिप्रा नदीवर मासे धरणारा मृगसेन एका मुनिमहाराजांना शरण जातो. महाराज त्याला धंदा सोड असे सांगत नाहीत. तो सोडू शकणार नाही, हे ते ओळखतात. ते त्याला एवढाच नियम देतात की जाळ्यात येणारा पहिला जीव सोडून द्यायचा. त्या दिवशी पहिला मासा येतो. मृगसेन त्याला खूण बांधून सोडतो. दुसऱ्यांदा जाळे टाकतो तर तोच मासा. पाच वेळा तोच मासा येतो आणि पाचही वेळा तो सुटतो. सूर्य मावळतो, मृगसेन रिकाम्या हाताने घरी येतो, आणि त्याची बायको घंटा त्याला दाराबाहेर ठेवते. त्या रात्री बाहेर झोपला असता सर्पदंशाने त्याचा अंत होतो. पुढील जन्मी त्याच्या प्राणावरचे संकट पाच वेळा टळते.

प्रवचनात या कथेचा भर पुढील जन्मावर असतो, आणि ते योग्यच आहे. मी मात्र हिशेबी माणूस असल्याने माझे लक्ष घंटेच्या दारावर अडकते. नियम घेतला मृगसेनाने, पण चूल थंड राहिली दोघांची. घंटेला आपण कथेत कठोर म्हणतो. तिच्या डब्यात त्या दिवशी पीठ होते का, हे कोणी विचारत नाही. होडीवाल्याचा प्रश्न आणि घंटेचे बंद दार या एकच गोष्टी आहेत. दुसरे असे की मुनिमहाराजांनी दिलेला नियम अगदी लहान होता. महाव्रत न झेपणाऱ्याला अणुव्रत आणि अणुव्रतही न झेपणाऱ्याला एका माशाचा नियम, ही आपल्या परंपरेची पायरीपायरीने नेण्याची रीत आहे. मच्छीमाराने डॉल्फिन आणि कासव सोडायचे ठरवले, तर तो त्या पायरीवर उभा आहे. बाकीचे मासे तो मारतो म्हणून ही पायरी खोटी ठरत नाही. गंमत अशी की मृगसेनाने माशाला बांधलेली खूण आजचे अभ्यासकही शोधतात. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराला पडलेले खाचेखुरे छायाचित्रात टिपून ते एकेक प्राणी ओळखतात आणि त्यावरून संख्या काढतात.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग मीच एक प्रस्ताव मांडला. आपल्याकडे पंचकल्याणक पूजेत लाखांचे सवाल होतात, पर्वकाळात जीवदयेसाठी पेट्या फिरतात. हा निधी बहुधा गोशाळांना आणि पांजरपोळांना जातो, तो जावाच. पण त्यातले पाच लाख बाजूला काढले, तर त्यातून एका वेळी वीस मच्छीमारांना प्रत्येकी पंचवीस हजार रुपये आगाऊ देता येतील. सरकारी भरपाईच्या अर्जाला छाननीचा वेळ लागणारच. भरपाई आली की ती निधीत परत जमा होईल आणि पुढच्या वीस जणांना उपयोगी पडेल. मुद्दल शाबूत, फक्त व्याजाचा त्याग.

अण्णांनी हा प्रस्ताव तेथेच नामंजूर केला. “म्हणजे जीवदयेच्या पैशातून जाळं विकत घ्यायचं? त्या जाळ्यात उद्या जे मरेल त्याचा दोष कोणाच्या खात्यावर? ते माझ्याच्यानं होणार नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि हा आडमुठेपणा आहे असेही मला वाटले नाही. परतीच्या वाटेवर फोंडा घाट चढताना आम्ही हाच विषय चघळत होतो. दाजीपूरजवळ रस्त्याच्या कडेला दोन गवे उभे होते, म्हणून गाडी थांबवावी लागली. तेव्हा अण्णाच म्हणाले, “जाळ्याचे पैसे सरकारनं द्यावेत, ते त्याचं काम. पण तो माणूस विचारत होता तो प्रश्न जाळ्याचा नव्हताच. तो मजुरीचं विचारत होता.”

हे खरे होते. सरकारी योजना जाळ्याची किंमत भरते. जाळे कापल्यानंतर दुरुस्तीत जे दिवस जातात, त्या दिवसांत होडीवरच्या खलाशांना काही मिळत नाही. त्या दिवशी मासेमारी होत नाही, म्हणजे त्या दिवशी त्या होडीकडून हिंसाही होत नाही. जीवदयेचा पैसा या मोकळ्या दिवसांच्या मजुरीपोटी दिला तर अण्णांची हरकत नव्हती. मुरगूड येईपर्यंत आम्ही पावतीचा मसुदाही केला: ‘जाळ्याची किंमत’ हा शब्द कोठेही येऊ द्यायचा नाही, ‘अभयदानाच्या दिवसाची मजुरी’ असे लिहायचे, सोबत सुटकेच्या त्याच छायाचित्राची प्रत, जी मच्छीमार सरकारला देतो, रक्कम रोख न देता खलाशांच्या खात्यात, आणि एका सुटकेमागे जास्तीत जास्त तीन दिवस. शेवटच्या अटीवर मतभेद राहिला. अण्णांचे म्हणणे पाच दिवस असावेत, कारण मृगसेनाने मासा पाच वेळा सोडला होता. खजिनदार म्हणून मला तीनच परवडतात. पुढील महिन्यात कागलला आमच्या मंडळाची बैठक आहे, तीत हा विषय दुसऱ्या क्रमांकावर घेतला आहे.